एवढा एक सोडून

बुधवार, २९ जुलै २०१५, दुपारी चारनंतर

अक्कलकोटच्या तहसील कचेरीजवळ माझं टेबल आहे. मी दस्तलेखक. खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र असे कागद लिहून देतो आणि दिवेलागणीला मैंदर्गीला घरी जातो. त्या दिवशी चारच्या सुमारास शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात टीव्हीसमोर गर्दी झाली. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या याकूब मेमनची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी फेटाळली होती. दीपक मिश्रा, प्रफुल्ल पंत आणि अमिताव रॉय. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नागपूर मध्यवर्ती कारागृहात फाशी. पंधरा तासही उरले नव्हते.

गर्दीत कोणीतरी टाळी वाजवली, मग दोघातिघांनी वाजवली. माझ्या समोर एक बाई बसली होती. तिचा नवरा वारला होता आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. तिने विचारलं, "किती दिवस लागतील?" मी नेहमीचं उत्तर दिलं: फेरफार धरला जाईल, नोटीस निघेल, हरकत घ्यायला पंधरा दिवस, त्यानंतर नोंद मंजूर. एक एकर अठरा गुंठ्यांवर नाव चढवायलासुद्धा कायदा पंधरा दिवस थांबतो, कारण एखाद्याला काही म्हणायचं असेल तर त्याला ते म्हणता यावं. ती उठून गेली. मी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात उलटी धावणारी वेळ लावली होती.

आदल्या दिवशी, मंगळवारी, याच प्रकरणात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. न्या. अनिल दवे यांनी याचिका फेटाळली. न्या. कुरियन जोसेफ यांचं म्हणणं पडलं की, शेवटची दुरुस्ती याचिका ज्या न्यायमूर्तींपुढे ठेवली गेली तिथेच नियम चुकला आहे; पुनर्विचार याचिका ऐकणारे न्यायमूर्ती त्या पीठात असायला हवे होते. ही चूक दुरुस्त होईपर्यंत फाशी थांबवावी, असं त्यांनी लिहिलं. म्हणून प्रकरण तिघांपुढे गेलं, आणि तिघांनी एकमताने सांगितलं की कुठेही चूक नाही.

चोवीस तासांपूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तीला हा माणूस उद्या मरू नये असं वाटलं होतं. आता ते मत फक्त कागदावर उरलं होतं.

संध्याकाळी साडेसहा

एसटीने मैंदर्गीला उतरलो. पाऊस नव्हता, रस्त्याकडेची तूर माना टाकून उभी होती. स्टँडजवळच्या हॉटेलात आमची नेहमीची बैठक. घरात कानडी, बाजारात मराठी, मशिदीजवळच्या गल्लीत उर्दू, असं आमचं सीमेवरचं गाव. हॉटेलात तिन्ही भाषा एकाच टेबलावर बसतात. त्या संध्याकाळी तिन्ही भाषांत एकच विषय होता.

एक मास्तर म्हणाले, "तत्त्व म्हणून मी फाशीच्या विरुद्ध आहे. पण हा एक सोडून." एक शेतकरी म्हणाला, "अतिरेक्याला चालेल हो जन्मठेप, पण लहान पोरीवर हात टाकणाऱ्याला लटकवायलाच पाहिजे." कोपऱ्यातला एक मुलगा चिडून बोलला की दंगलीत माणसं मारणाऱ्यांना आधी द्या. त्याचंही म्हणणं निराधार नव्हतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली, हे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं, आणि त्यासाठी कोणी फासावर गेलं नाही. पण तोही शेवटी एक दोरच मागत होता, फक्त दुसऱ्या मानेसाठी.

मी मोजत होतो. टेबलावर सहा जण होतो. मी सोडून पाचही जण फाशी वाईट म्हणत होते आणि पाचही जणांकडे एकेक अपवाद होता. पाच अपवादांची बेरीज केली तर फाशी जिथल्या तिथे होती.

मग मामा बोलले. नात्याने ते माझे कोणी नाहीत, गावच त्यांना मामा म्हणतं. तरुणपण मुंबईत गिरणीत गेलं, म्हातारपणी गावी आले. शुक्रवार, १२ मार्च १९९३ ला ते वरळीला होते. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला, आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत काथा बाजार, एअर इंडिया, प्लाझा, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार. २५७ ठार, ७१३ जखमी. एकट्या वरळीत सेंच्युरी बाजाराजवळ शंभराहून जास्त माणसं गेली. मामांनी त्यातली काही उचलून टेम्पोत घातली होती.

"तम्मा," मामा मला म्हणाले, "कुणाचा हात कुणाचा पाय कळत नव्हतं. आम्ही नुसतं भरत होतो. एका बाईच्या पिशवीतली मेथी अजून बांधलेली होती, जुडी तशीच. तू तुझं पुस्तक वाच. मला उद्या सात वाजता जागं राहायचंय."

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. ज्याने ती माणसं उचलली त्याच्यासमोर माझं तोंड उघडलं नाही, आणि ते बरोबरच होतं असं मला अजून वाटतं. फाशीला विरोध करणाऱ्याने त्या मेथीच्या जुडीवरून उडी मारून पलीकडे जाऊ नये. तिच्याजवळ थांबून, ती बघून, तरीही नाही म्हणता आलं पाहिजे. नाही तर तो विरोध फुकटचा.

रात्री पावणेअकरा

जेवण झालं, घरातली माणसं झोपली. मी आवाज बारीक करून टीव्हीपुढे बसलो.

दयेचा दुसरा अर्ज त्याच दिवशी राष्ट्रपतींकडे गेला होता. राज्यपालांनी त्यांच्याकडचा अर्ज फेटाळला होता. पावणेअकराच्या सुमारास बातमी आली की राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनीही फेटाळला. सातला सव्वाआठ तास उरले होते.

इथे मला पुन्हा दुपारची बाई आठवली. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान चौदा दिवस गेले पाहिजेत. कैद्याने मनाची तयारी करावी, घरच्यांना एकदा भेटावं, कोणाला काही सांगायचं राहिलं असेल ते सांगावं, आणि काही कायदेशीर उपाय उरला असेल तर तो करता यावा, यासाठी हे दिवस. तो निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख पी. सदाशिवम होते. याच सदाशिवम यांच्या पीठाने २१ मार्च २०१३ रोजी याकूबची फाशी कायम केली होती. त्याच निकालात दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्यांत प्रत्यक्ष स्फोटकं ठेवणारे होते. न्यायालयाने त्यांना बाण म्हटलं, आणि याकूबला, फरार असलेल्या टायगर मेमन व दाऊदसोबत, धनुर्धारी. हाताशी असलेला धनुर्धारी एकच होता.

चौदा दिवसांची गरज किती खरी आहे हे अफजल गुरूच्या वेळी दिसलं होतं. ९ फेब्रुवारी २०१३ ला त्याला तिहारमध्ये फाशी दिली. घरच्यांना कळवणारं पत्र सरकारने स्पीड पोस्टने पाठवलं, आणि ते पोहोचलं तेव्हा तो मरून दोन दिवस झाले होते. मी आयुष्यभर नोटिसा लिहिल्या. पोहोचली नाही तर ती नोटीस नव्हेच, हे आमच्या धंद्यात कालचं पोरगंही जाणतं.

मध्यरात्र

दिल्लीत वकील सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांच्या घरी पोहोचले होते. आनंद ग्रोव्हर, युग चौधरी, प्रशांत भूषण. त्यांची मागणी एवढीच होती: अर्ज आत्ता फेटाळला आहे, आता तुमच्याच निकालाप्रमाणे चौदा दिवस द्या. बंगल्याबाहेर कॅमेरे लागले. कुठल्याशा वाहिनीवरचा निवेदक वारंवार विचारत होता की मध्यरात्री हे कोणासाठी चाललंय. एका माणसासाठी चाललं होतं. न्यायालय मध्यरात्री उघडावं असं दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

बाहेर येऊन ओट्यावर बसलो. पौर्णिमेला एक दिवस राहिला होता. शुक्रवारी गुरुपौर्णिमा, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला पायी निघालेल्या दिंड्या रस्त्याने जात असतील. सोमवारीच आषाढी झाली होती, आणि सोमवारीच शिलाँगमध्ये अब्दुल कलाम बोलता बोलता कोसळले होते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात अशा दिवसांत माणसं एकमेकांना माउली म्हणतात.

आणि याच सोलापूरने फाशी पाहिली आहे. मे १९३० मध्ये गांधींना अटक झाली, सोलापुरात लोक रस्त्यावर आले, ८ मेला गोळीबार झाला, माणसं पडली, चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेच्या चौकीवरच्या पोलिसांना मारलं. १२ मेपासून लष्करी कायदा. पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांवर खटला चालला: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापुरात जाणारा प्रत्येक जण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जातो. लहानपणी वडील मला तिथे टोपी काढायला लावत.

याकूबची आणि त्यांची तुलना मी करत नाही, ती करणं पाप होईल. मला दुसरंच आठवत होतं. इंग्रज सरकारपुढे तेव्हा दयेचे अर्ज गेले असतील, आणि एखादा समंजस इंग्रज अधिकारीही म्हणाला असेल की एरवी मी फाशीच्या विरुद्ध आहे, पण कर्तव्यावरच्या पोलिसांना मारणारे एवढे चार सोडून. ज्याच्या हातात दोर असतो त्याचा अपवाद चालतो. आपला चालत नाही.

वाटणीपत्र लिहिताना मी पक्षकारांना एक गोष्ट बजावतो. थोरल्याच्या गाडीपुरता बांधावरून रस्ता सोडू नका. आज थोरल्याची गाडी जाईल, उद्या त्याच्या पोरांची, परवा ज्याला तो जमीन विकेल त्याची, आणि वीस वर्षांनी मामलेदार वहिवाट आहे म्हणून तुमचंच कुंपण काढायला लावेल. फाशीच्या कायद्यात अपवाद लिहिणं म्हणजे बांधावरून असा रस्ता सोडणं. कोणासाठी सोडला ते पुढे कोणी विचारत नाही.

गुरुवार, ३० जुलै, पहाटे तीन वीस

सर्वोच्च न्यायालयाचं चार क्रमांकाचं दालन उघडलं. तेच तीन न्यायमूर्ती. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी.

मी टीव्ही बंद केला नाही, पण माझं लक्ष दिल्लीत नव्हतं, नागपुरात होतं. त्या तुरुंगात १९८४ नंतर फाशी झाली नव्हती. फाशी कशी देतात हे मी वाचलेलं आहे, आणि ते इथे लिहायलाच हवं, कारण त्यावाचून हा सगळा वाद नुसत्या शब्दांचा होतो. कैद्याचं वजन घेतात, उंची घेतात. त्यावरून दोर किती लांब सोडायचा याचं कोष्टक असतं: जड माणसाला कमी, हलक्याला जास्त. कमी पडला तर तो गुदमरत राहतो, जास्त झाला तर धडापासून मान सुटू शकते. त्याच्या वजनाच्या दीडपट वाळूचं पोतं आधी टांगून बघतात. पहाटे त्याला उठवतात, आंघोळ करायला सांगतात. हात मागे बांधतात, डोक्यावर टोपी चढवतात, पाय बांधतात. डॉक्टर हजर असतो. आदल्या दिवशी तोच डॉक्टर त्याची प्रकृती ठीक आहे ना हे बघतो. आजारी असला तर औषध देतो.

यात रागाचा कुठे लवलेश नाही. मामांच्या डोळ्यांत जो राग मी संध्याकाळी पाहिला तो तिथे कोणाजवळ नसतो. खून करणाऱ्याच्या हातून अनेकदा रागात, भीतीत, नशेत घडतं, किंवा मुंबईत घडलं तसं द्वेषाने आणि कटाने. इथे मात्र एक सरकारी कार्यालय, हजेरीपटावर सह्या करून, बांधलेल्या, आंघोळ केलेल्या, कोणालाही काही करू न शकणाऱ्या माणसाचं वजन करतं आणि त्याला मारतं. ते माझ्या नावाने मारतं. वॉरंटवर सरकार म्हणजे मीही असतो, तुम्हीही.

याकूब निर्दोष होता असं मी म्हणत नाही. कटासाठी पैशाची, प्रवासाची, वाहनांची व्यवस्था त्याने केली, असं न्यायालयांनी एकामागून एक धरलं. तो चार्टर्ड अकाउंटंट होता, आपण काय करतो हे त्याला कळत होतं. १९९४ मध्ये तो परत आला की पकडला गेला यावर वाद आहे, आणि त्याने तपासाला मदत केली असंही बोललं गेलं. पण तो वाद माझ्या कामाचा नाही. तो आपणहून आला नसता, त्याने एक शब्दही सांगितला नसता, तुरुंगात दोनदा एम.ए. करण्याऐवजी रोज शिव्या घातल्या असत्या, तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. दया मिळण्याजोगा माणूस शोधून त्याच्यासाठी रडणं सोपं आहे. प्रश्न तसा नसलेल्या माणसाचाच असतो.

हे म्हणणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाकडे फाशीची अपिलं जावीत की नाही यावर चर्चा चालली होती. डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की या मार्गाने अपिलाचा हक्क देण्यापेक्षा फाशीच पूर्णपणे रद्द करणं मला पसंत आहे. अहिंसा मानणाऱ्या देशाला तेच शोभेल. त्यात त्यांनी एखाद्या गुन्ह्याची सोय ठेवली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात नथुराम गोडसेला अंबाल्यात फाशी द्यायची ठरली. मणिलाल आणि रामदास, गांधींचे दोन मुलगे, त्यांनी फाशी देऊ नये म्हणून विनंती केली. बापाच्या खुन्यासाठी. सरकारने ऐकलं नाही, १५ नोव्हेंबरला फाशी झाली. "तुझ्या घरातलं कोणी गेलं असतं तर?" हा प्रश्न मला कोणी विचारला की मी त्या दोघा भावांचं नाव सांगतो. ते तत्त्व म्हणून बोलत नव्हते, त्यांच्या घरातलंच माणूस गेलं होतं.

पहाटे पाचच्या आत

न्या. मिश्रा यांनी आदेश वाचला. पहिला दयेचा अर्ज एप्रिल २०१४ मध्येच फेटाळला गेला होता, त्यानंतर कैद्याला पुरेसा वेळ मिळाला. आता स्थगिती देणं म्हणजे न्यायाचीच थट्टा होईल, असा त्याचा आशय. पहाटेच्या त्या तासा-दीड तासात न्यायालयाने सगळं ऐकून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. पण ऐकून घेणं आणि थांबणं यांत फरक आहे. त्या आदेशानंतर सर्वोच्च न्यायालयात संशोधनाचं काम बघणारे उपनिबंधक अनुप सुरेंद्रनाथ यांनी पदाचा राजीनामा दिला. पुढल्या वर्षी त्यांच्याच नेतृत्वाखाली राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली यांचा फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल आला: ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल.

नागपूरला दोन तास उरले. गावात पहिली एसटी सुटली. मामांच्या घरातला दिवा लागलेला मला ओट्यावरून दिसत होता.

सकाळी सात

सातच्या सुमारास याकूब अब्दुल रझाक मेमनला फाशी दिली गेली. त्या दिवशी त्याला त्रेपन्न वर्षं पूर्ण होत होती.

मामा रस्त्यावर आले. माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "झालं. काय वाटतच नाही की रे." मी आत जाऊन चहा आणला.

त्यानंतर

दुपारी रामेश्वरमला अब्दुल कलामांना दफन केलं, संध्याकाळी मुंबईत याकूबला. टीव्ही कधी इकडचं दाखवी, कधी तिकडचं. कलामांबद्दल त्या दिवशी खूप बोललं गेलं, पण एक गोष्ट मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही. राष्ट्रपती असताना फाशीची प्रलंबित प्रकरणं तपासताना त्यांत गरिबांकडे आणि खालच्या थराकडे झुकणारा कल दिसला, हे त्यांनी 'टर्निंग पॉइंट्स'मध्ये लिहिलं आहे. विधी आयोगाने मतं मागवली तेव्हा फाशी रद्द करा असं सांगणाऱ्या थोड्यांमध्ये ते होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २००४ मध्ये, धनंजय चॅटर्जीचा अर्ज फेटाळून त्याला फाशी झाली होती. त्यांनी स्वतः त्या टेबलावर बसून पाहिलं होतं, म्हणून त्यांच्या मताला माझ्या लेखी वजन आहे.

महिनाभराने, ३१ ऑगस्ट २०१५ रोजी, न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विधी आयोगाचा २६२ वा अहवाल आला. फाशी रद्द करावी, अशी शिफारस. मी आनंदाने पुढे वाचलं. दहशतवादाचे गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं सोडून. आमच्या हॉटेलातलंच वाक्य, चांगल्या कागदावर.

त्या अपवादाचं काय होतं ते पुढच्या महिन्यापासूनच दिसू लागलं. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल गाड्यांच्या स्फोटांत मोक्का न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. याकूबनंतर दोन महिन्यांनी. तेव्हा या पाचांसाठी हळहळणारं कोणी भेटलं नाही. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडलं. सरकार पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला, असं सांगून. फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरू नये एवढी स्थगिती मिळाली.

आणखी एक प्रकरण त्याहून विदारक. २००३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका वस्तीवर दरोडा, खून, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेपेवर आणलं होतं, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. त्या सहांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून आधी भलत्याच माणसांना ओळखलं होतं, हे कागदपत्रांतच होतं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. खरेदीखतात गट नंबर चुकला तर मी चूकदुरुस्ती पत्र लिहून देतो. हे सहा जण त्याआधी लटकवले गेले असते तर कुठलं पत्र लिहायचं?

आणि तरी, निर्दोषांची ही उदाहरणं मी जपून वापरतो. ती सांगितली की ऐकणारा म्हणतो, मग नक्की दोषी असेल त्यालाच द्या. कसाबचं नाव घेतात. त्याला सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं होतं, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा फटाके वाजले. हो, कसाबलाही नको. ज्याने सीएसटीवर बायकापोरांवर गोळ्या झाडल्या त्याला जन्मभर कोठडीत ठेवावं, त्याने म्हातारं व्हावं, केस पिकावेत, आपण काय केलं ते रोज सकाळी उठून त्याला आठवावं किंवा न आठवावं. मी त्याला मारणार नाही, कारण मारणं हे त्याचं काम होतं.

याकूबच्या फाशीच्या आठवड्यात एका रात्री मी एक कागद लिहिला. कायद्यात त्याला किंमत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मायना मृत्युपत्राचाच आहे, हात बसलेला असल्याने तसाच उतरला:

*मी, खाली सही करणार, राहणार मैंदर्गी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर, राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की, माझा किंवा माझ्या घरातल्या कोणाचाही खून झाल्यास, तो कोणीही व कितीही क्रूरपणे केलेला असो, गुन्हेगारास पकडावे, खटला चालवावा, दोषी ठरल्यास जन्मभर तुरुंगात ठेवावे. परंतु त्यास फाशी देण्यासाठी माझे नाव किंवा माझे दुःख वापरू नये. त्या वेळी मी स्वतः फाशी मागत असल्यास मी शुद्धीत नाही असे समजावे व हा लेख ग्राह्य धरावा. यास अपवाद नाही.*

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आपल्या पोरीला कोणी काही केलं तरी?" मी म्हणालो, "तरी." दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि सही केली.

दुसऱ्या सहीसाठी मी मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला, परत वाचला, आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "तम्मा, मी उचललेली माणसं तू उचलली नाहीस," एवढंच म्हणाले. मी वाद घातला नाही. त्यानंतर चार दिवाळ्या त्यांनी मला घरी बोलावून फराळ दिला, त्या कागदाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. पाचव्या वर्षी ते वारले.

कागद माझ्या पेटीत आहे, सातबाऱ्यांच्या खाली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा अजून मोकळी आहे.